कात्रीला न भिणारं झाड : परसातला हॉर्नबीम

फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यात लाँगव्हाल नावाचं एक लहानसं खेडं आहे. गावाला लागूनच डेलव्हिल वुड हे रान आहे. पहिल्या महायुद्धात, १५ जुलै १९१६ रोजी दक्षिण आफ्रिकेची ब्रिगेड या रानात शिरली आणि पुढचे कित्येक दिवस तोफांनी ते अक्षरशः कुटून काढलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला लढाई थांबली, तेव्हा तिथे चिखल आणि ठेचलेले बुंधे एवढंच उरलं होतं. सबंध रानात एकच झाड जगलं, ते हॉर्नबीमचं. पुढे तिथे दक्षिण आफ्रिकेचं स्मारक झालं, नव्यानं झाडं लावली गेली. पण ‘शेवटचं झाड’ म्हणून लोक पाहायला येतात ते हेच. त्याच्या खोडात तोफगोळ्यांच्या ठिकऱ्या आहेत आणि त्या पोटात घेऊन ते वाढलं आहे.

एका झाडाच्या नशिबावरून सगळ्या जातीचा स्वभाव ठरवू नये, हे खरं. तरीही घाव सोसून पुन्हा फुटण्यात हॉर्नबीमचा हात धरणारी झाडं युरोपात फार नाहीत. माणसानं त्याचा जो उपयोग केला तो मुख्यतः याच गुणावर. सरपणासाठी त्याचा माथा छाटला, राजांच्या बागांत त्याच्या भिंती केल्या, आणि आज इंग्लंड-अमेरिकेतल्या साध्या घरांभोवती त्याचं कुंपण होतं. न्यू जर्सीत, शिकागोच्या उपनगरांत किंवा लंडनच्या आसपास घर घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या परसात हे झाड सहज वाढू शकतं. कित्येकांच्या दारात ते असेलही, फक्त ओळख झालेली नसेल.

कार्पिनस ही हॉर्नबीमची प्रजाती. ज्याच्या सालीवर आपल्या पोथ्या लिहिल्या गेल्या त्या भूर्जाच्या कुलातली. हेझलनटचं झुडूपही याच घरातलं. कार्पिनसच्या जाती सुमारे चाळीस आणि त्यांतल्या बहुतेक चीन आणि पूर्व आशियातल्या. घरगुती बागेत मात्र दोनच जातींशी गाठ पडते. एक युरोपीय हॉर्नबीम. फ्रान्सपासून कॉकेशस आणि उत्तर इराणपर्यंत ती आपसूक वाढते. उंची पन्नास-साठ फूट, जंगलात त्याहूनही जास्त. दुसरी अमेरिकी हॉर्नबीम. टॉमस वॉल्टर यांनी कॅरोलायनातल्या वनस्पतींवर लिहिलेल्या १७८८च्या ग्रंथात तिचं शास्त्रीय वर्णन आलं. कॅनडाच्या दक्षिण भागापासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला टेक्सासच्या पूर्व कडेपर्यंत ती ओढ्यांच्या काठानं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. उंची वीस ते पस्तीस फूट, म्हणजे आटोपशीर घराला शोभेल अशी.

पान हातात घेतलं की हॉर्नबीमची ओळख पटते. मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना दहा-पंधरा उपशिरा निघतात आणि न वाकता, न फाटे फोडता थेट कडेला जाऊन भिडतात. प्रत्येक शीर आत दाबल्यासारखी असते, त्यामुळे अख्ख्या पानाला चुण्या पडलेल्या दिसतात. कड दातेरी, आणि मोठ्या दातांवर पुन्हा बारीक दाते. लांबून पाहणारा याला बीच नावाचं झाड समजतो; पण बीचच्या पानाची कड जवळजवळ सपाट असते, तिच्यावरून बोट फिरवलं तर दाते लागत नाहीत. शरद ऋतूत फळांचे झुबके लोंबायला लागले की शंका उरतच नाही. प्रत्येक इवल्या कवचफळाच्या पाठीशी तीन पाळ्यांचा कागदासारखा पंख असतो आणि फळ सुटलं की ते वाऱ्यावर गरगरत दूर जाऊन पडतं. युरोपात हॉफिंच नावाचा जाड चोचीचा पक्षी या फळांवर ताव मारतो. चेरीची बी फोडण्याइतकी ताकद त्याच्या चोचीत असते, तेव्हा हॉर्नबीमच्या कवचाची त्याला काय पत्रास!

अमेरिकी जातीचं खरं सौंदर्य तिच्या खोडात आहे. साल गुळगुळीत, निळसर राखाडी आणि पातळ. खोड गोल नसतं. काही पट्ट्यांत लाकूड जास्त धरतं, काहींत कमी. त्यामुळे उभ्या लाटा उठतात आणि व्यायाम केलेल्या दंडाचे स्नायू दिसावेत तसं ते दिसतं. अमेरिकेत याला मसलवुड म्हणतात ते यावरूनच. पानं गळून गेल्यावर, बर्फाच्या पार्श्वभूमीवर हे खोड जितकं उठून दिसतं तितकं उन्हाळ्यात दिसत नाही. म्हणून ते खिडकीतून नजरेस पडेल अशा जागी लावावं.

आता लाकडाविषयी. लाकडाचा कठीणपणा मोजायची यांका नावाची चाचणी आहे. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती बळ लागतं ते त्यात पाहतात. आपल्या सागाला सुमारे १,०७० पौंड लागतात, युरोपीय हॉर्नबीमला सुमारे १,६०० पौंड. सागाचं दार-खिडकीचं काम शतकभर टिकतं याचं कारण त्याच्यातलं तेल. नुसत्या कठीणपणात तो हॉर्नबीमच्या मागे आहे. उलट हॉर्नबीम पावसात, मातीत ठेवला की काही वर्षांत कुजतो. म्हणून त्याची घरं, नावा, पूल झाले नाहीत. जिथे घासायचं, आपटायचं, दाबायचं असतं अशी छोटी आणि जीवघेणी कामं त्याच्याकडे आली: खाटकाचा ठोकळा, हत्यारांचे दांडे, लाकडी स्क्रू, पियानोच्या पट्टीमागून तारेवर पडणाऱ्या हातोडीची काडी. बैलांचं जू करायला हे लाकूड चांगलं, असं रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसनं दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलं आहे. आपल्याकडे औतं आणि गाडीची चाकं यांसाठी जशी बाभूळ, तसा तिकडे हॉर्नबीम.

पण त्याची कमाल पाहायची तर पिठाच्या जुन्या गिरण्यांत. पवनचक्की असो की पाणचक्की, आत एका मोठ्या चाकाचे दाते दुसऱ्या चाकाच्या दात्यांत अडकून फिरत. दोन्ही चाकं लोखंडी केली तर आवाज कानठळ्या बसवणारा, आणि घर्षणातून ठिणगी उडाली तर पिठाची धूळ भडकायची भीती. म्हणून एका चाकाच्या लोखंडी कड्याला खाचा ठेवत आणि त्यांत हॉर्नबीमचे किंवा सफरचंदाच्या लाकडाचे दाते ठोकून बसवत. लाकूड लोखंडाला भिडलं की यंत्र जवळपास मुकाट्यानं चालायचं. कुठे काही अडकलंच तर लाकडी दाता मोडायचा आणि महागाचं चाक वाचायचं. नवा दाता बसवायचं काम गिरणीतल्या गिरणीतच होऊन जायचं.

सरपण म्हणूनही हे लाकूड पहिल्या प्रतीचं. लंडनच्या ईशान्येला एपिंग फॉरेस्ट हे जुनं रान आहे. त्यात बीच, ओक आणि हॉर्नबीमची पन्नास हजारांवर जुनी झाडं अशी आहेत, की ज्यांचा माथा शतकानुशतकं छाटला गेला. जमिनीपासून सहा-आठ फुटांवर खोड तोडायचं, म्हणजे नवे धुमारे गुरांच्या आणि हरणांच्या तोंडाला लागत नाहीत. दहा-पंधरा वर्षांनी त्या फांद्या मनगटाएवढ्या झाल्या की पुन्हा छाटायच्या. झाड मरत नाही, उलट न छाटलेल्या झाडापेक्षा जास्त जगतं. लाउटन गावच्या लोकांना ही छाटणी करायचा वहिवाटीचा हक्क होता आणि त्याची मुदत ठरलेली: ११ नोव्हेंबरपासून २३ एप्रिलपर्यंत. हंगामाच्या पहिल्या मध्यरात्री पहिली फांदी तोडली नाही तर हक्क बुडेल, अशी समजूत होती. त्यामुळे गाव त्या रात्री कुऱ्हाडी घेऊन रानात जायचं. १८६६ साली जमीनमालकानं रान कुंपणात घेतल्यावरही गावच्या विलिंगेल कुटुंबातल्यांनी छाटणी केली आणि तुरुंगात गेले. प्रकरण पेटलं. शेवटी १८७८च्या एपिंग फॉरेस्ट कायद्यानं रान वाचलं, पण छाटणी बंद झाली. हक्काच्या बदल्यात मिळालेल्या ७,००० पौंडांतून लाउटनला सभागृह उभं राहिलं. त्याचं नावच लॉपिंग हॉल, म्हणजे छाटणी सभागृह.

याच दशकांत ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतले शेतकरी भाताच्या राबासाठी ऐनाचा टहाळ तोडायच्या हक्कावरून जंगल खात्याशी झगडत होते आणि त्यासाठी १८८५मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला होता. झाडं वेगळी, सरकार तेच.

एपिंगमधली गोष्ट कायद्यावर संपली नाही. छाटणी थांबल्यावर फांद्या ओंडक्याएवढ्या जाड झाल्या, माथे जड झाले, वादळात खोडं मधोमध उभी चिरू लागली आणि खाली इतकी गर्द सावली पडली की जमिनीवरची वनस्पती नाहीशी झाली. मग रानाची देखभाल करणाऱ्यांना निवडक झाडांची छाटणी पुन्हा सुरू करावी लागली. दीर्घ खंडानंतर कुऱ्हाड लागली की बीच पुष्कळदा दगा देतो. हॉर्नबीम बहुधा पुन्हा फुटतो.

खेडूत जे सरपणासाठी करत होते, ते राजांनी शोभेसाठी केलं. चौदाव्या लुईसाठी आंद्रे ल नोत्र यांनी व्हर्सायची बाग आखली, तेव्हा बागेतल्या दालनांना हॉर्नबीमच्या उंच, सरळ कापलेल्या भिंती केल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात जो प्रसिद्ध भूलभुलैया लावला गेला, तोही मुळात हॉर्नबीमचाच. तिथे यू हे सूचिपर्णी झाड नंतर आलं. विसाव्या शतकात ग्लॉस्टरशरमधल्या हिडकोट इथे लॉरेन्स जॉन्स्टन यांनी हॉर्नबीमची खोडं खालून मोकळी ठेवून वर पानांचे चौकोनी ठोकळे कापले, जणू कुंपणं काठ्यांवर उभी आहेत. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स बागेत अशाच अधांतरी कुंपणाचं लंबवर्तुळ अमेरिकी जातीनं करून दाखवलं.

हे याच झाडाला का साधतं? एक तर पान लहान, त्यामुळे कापलेली बाजू गुळगुळीत दिसते. दुसरं, फांदी कुठेही तोडली तरी जुन्या लाकडातून डोळे फुटतात. तिसरं आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे ते सावली सोसतं: आतली, खालची पानं ऊन कमी मिळालं म्हणून मरत नाहीत आणि कुंपण जमिनीपासून वरपर्यंत भरलेलं राहतं. शिवाय कापलेल्या कुंपणातली वाळकी पानं थंडीभर गळत नाहीत. पानाच्या देठाशी जो थर तयार होऊन पान सुटतं, तो इथे शरदात पुरा होतच नाही. तांबूस पानं वसंतातल्या नव्या कळ्या येईपर्यंत चिकटून राहतात. याचा झाडाला काय फायदा, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत एकमत नाही. घरमालकाचा फायदा मात्र उघड आहे. जानेवारीतही शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून आपली बैठक दिसत नाही.

तर घरी लावायचं झाल्यास कोणतं? माझं मत असं: पूर्व अमेरिकेत जागा असेल आणि मोकळं वाढलेलं झाड हवं असेल, तर तिथलीच अमेरिकी जात लावावी. ती उणे ३५ अंशांची थंडी सोसते, मोठ्या ओकखाली, घराच्या उत्तरेच्या सावलीत, पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातही तग धरते. शरदात पिवळी, नारिंगी, कधी लालभडक होते. आणि टायगर स्वॅलोटेलसारख्या तिथल्या फुलपाखरांच्या अळ्यांना तिचा पाला चालतो. कुंपण किंवा भिंतच करायची असेल, तर युरोपीय. इंग्लंडमध्ये प्रश्नच नाही. बीच जिथे कुजतो त्या चिकण, ओल्या मातीत युरोपीय हॉर्नबीम सुखानं राहतो.

रोपवाटिकेत युरोपीय जातीचा फास्टिगिआटा हा प्रकार हमखास पुढे केला जातो. लहानपणी तो मेणबत्तीसारखा सडपातळ असतो, म्हणून लोक तो दाराशेजारी भिंतीपासून चार हातांवर लावतात. वयात आल्यावर त्याचा घेर वीस ते तीस फूट होतो! मग तो दरवर्षी कापत बसायचा किंवा मुळासकट काढायचा. जागा खरोखरच अरुंद असेल, तर नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या एका रस्त्यावरून निवडलेला फ्रान्स फाँटेन हा वाण मागावा. तो बराच सडसडीत राहतो.

हॉर्नबीमची मुळं आडवी, लांबवर पसरणारी असतात. मोठं झाड खणून काढून मातीच्या गोळ्यासह विकतात, तेव्हा त्यांतली बरीचशी मुळं शेतातच तुटून राहतात आणि झाड दोन-तीन वर्षं रुसून बसतं. म्हणून मोठ्या झाडासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा कुंडीतलं लहान रोप घ्यावं. अमेरिकेत लागवड वसंतात करावी. शरदात उचललेला हॉर्नबीम थंडीत दगावण्याचा धोका जास्त. इंग्लंडमध्ये कुंपणासाठी नोव्हेंबर ते मार्च या काळात उघड्या मुळांची, दोन-तीन फुटी रोपं जुड्यांनी मिळतात. ती स्वस्त पडतात आणि लागतातही चांगली. एका ओळीत मीटरला तीन ते पाच रोपं पुरतात.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोलीला गोळ्याएवढाच. अमेरिकेत कुदळ मारण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या गॅस-विजेच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्यात; सेवा फुकट आहे. खोड जिथे रुंदावून मुळांत शिरतं, तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. आळं करून खोडाशी माती ओढायची आपली सवय इथे नडते. त्याहून वाईट म्हणजे तिकडच्या बागकामवाल्यांची पद्धत: लाकडाच्या भुशाचा वारुळासारखा उंच ढीग खोडाला लावतात. हॉर्नबीमची साल पातळ. ती सतत ओली राहिली की कुजते, आणि वरची मुळं त्या ढिगात शिरून खोडालाच वेढे घालतात. आच्छादन दोन-तीन इंच जाड असावं, लांबवर पसरावं आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी. याच पातळ सालीमुळे गवत कापायच्या दोरीच्या यंत्राचा एक फटकाही महागात पडतो, आणि शरदात नर हरणं शिंगं घासायला असली गुळगुळीत खोडं शोधत येतात. पहिली काही वर्षं खोडाभोवती जाळी ठेवावी.

पहिले दोन उन्हाळे पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावं. रोज थोडं थोडं शिंपडू नये. खत जवळपास लागत नाही. अमेरिकी जात वर्षाला फूटभर वाढली तरी खूप. घाई असणाऱ्यानं दुसरं काही लावावं. रस्त्याकडेच्या पट्ट्यात ती लावू नये, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ तिला सोसत नाही.

कुंपणाची कापणी वर्षातून एकदा, ऑगस्टच्या शेवटी. तोवर पक्ष्यांची घरटी रिकामी झालेली असतात आणि कापल्यानंतर येणारी थोडी पालवी थंडीआधी निबर होते. वसंताच्या तोंडावर मोठ्या फांद्या तोडू नयेत, जखमेतून रस गळत राहतो. कुंपण खाली रुंद आणि वर किंचित निमुळतं ठेवावं, म्हणजे पायथ्याला ऊन पोचतं. जुन्या घराबरोबर हाताबाहेर गेलेलं, सहा फूट जाड झालेलं कुंपण वाट्याला आलं तरी घाबरायचं कारण नाही. एका हिवाळ्यात एक बाजू मधल्या खोडांपर्यंत निर्दयपणे कापायची, पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या हिवाळ्यात दुसरी. उघड्या काठ्यांवर उन्हाळ्यापर्यंत पालवी येते.

रोगराई फारशी नाही. कधी पानांवर भुरी येते, ठिपके पडतात. इंग्लंडमध्ये करड्या खारी साल सोलतात. पण ज्यांना वसंतात भूर्जाच्या परागकणांनी शिंका येतात, त्यांनी विचार करावा. हॉर्नबीमचं परागीभवन वाऱ्यानं होतं आणि दोघांचे परागकण जवळच्या नात्यातले, त्यामुळे एकाचा त्रास होणाऱ्याला बहुधा दुसऱ्याचाही होतो. ऑगस्टात नियमित कापलेल्या कुंपणावर फुलोरा कमी येतो, एवढाच दिलासा.

मुंबई-पुण्यात हे झाड होणार नाही. त्याला थंडीची विश्रांती लागते, ती मिळाली नाही तर डोळे नीट फुटत नाहीत. कोरियन हॉर्नबीमचं बोन्साय म्हणून काही महाग विकलं जात असेल, तरी हेच लागू. भारतात हॉर्नबीम पाहायचा तर हिमालयात. कार्पिनस विमिनिया ही आपली जात काश्मीरच्या बाजूपासून अरुणाचलपर्यंत मिळते. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनियल वॉलिक यांच्या १८३०च्या सुमाराच्या चित्रग्रंथातून ती जगापुढे आली. कुमाऊँ-गढवालमध्ये तिला चमखडीक किंवा पुतली म्हणतात. साधारण दीड ते अडीच हजार मीटर उंचीवर, बांज ओकच्या रानातल्या ओलसर दऱ्यांत ती वाढते. कोवळी पालवी तांबूस असते. तिच्या शेजारीच तिचा भाऊबंद उतीस दिसतो. पानाच्या उठावदार शिरांमुळे दोघांत गफलत होऊ शकते. अशा वेळी फांदीच्या टोकाकडे पाहावं. उतीसाला इवले, कडक, लाकडी शंकू लागतात, चमखडीकाला पंखवाल्या फळांचे सैल झुबके.